आकडा चुकला

रशीदभाईंना गिऱ्हाईक आवडत नसे. फोटोचं दुकान चालवणाऱ्या माणसाला हे परवडण्यासारखं नाही, पण जव्हारच्या बाजारात त्यांनी वर्षानुवर्षं ते परवडवून घेतलं होतं. केस न विंचरता आलेल्याला एक बोलणं, फार विंचरून आलेल्याला दुसरं. जामसरहून बँकेच्या खात्यासाठी फोटो काढायला आलेला म्हातारा स्टुलावर बसून इकडेतिकडे बघू लागला की आतून ओरडा यायचा, "मामा, मान कुणाला दाखवताय? फोटो काढायचाय का बैल बघायचाय?" मग कॅमेरा डोळ्याला लावून ठरलेलं वाक्य. "श्वास रोखा. उद्या घ्या." म्हातारे खरंच श्वास रोखून बसायचे. फोटो झाल्यावर त्यांना 'घ्या आता' म्हणून सांगावं लागायचं.

मी त्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होते आणि खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावरच्या शाळेत शिकवत होते. सकाळी जीप पकडायला खाली उतरले की रशीदभाई दुकानाची पायरी झाडत असायचे. मला ते 'बाई' म्हणत आणि बाई म्हणूनही सोडत नसत. "बाई, आज पण तीच साडी? शाळेतल्या पोरांना वाटेल फोटोच आलाय."

त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या सुतारकाम. वडील, दोन्ही भाऊ, सगळे रंध्यावर वाकलेले. हे एकटेच कॅमेऱ्याकडे वळले. का, असं विचारलं तर म्हणायचे, "लाकूड तासायला हात हलवावा लागतो. मला न हलवायचा धंदा पाहिजे होता." यात थट्टा होती आणि गर्वही होता. न हलण्याचा त्यांना फार गर्व. लग्नात बाकीचे फोटोवाले लाईट पाडत, तिपाया लावत. रशीदभाई मांडवाच्या खांबाला खांदा टेकवायचे, कोपरं पोटाशी घ्यायचे आणि उभ्याउभ्या थिजायचे. अंधाऱ्या मांडवातही नवरीच्या डोळ्यांतलं पाणी दिसेल असा फोटो यायचा. फोटो हलला तर ते तो गिऱ्हाइकाला दाखवतही नसत. "हललेला फोटो म्हणजे खोटी साक्ष," म्हणायचे, आणि पुन्हा काढायला लावायचे. एकदा एक नवे साहेब ओळखपत्राच्या फोटोसाठी आले आणि सारखे हसत होते. रशीदभाईंनी कॅमेरा खाली ठेवला. "साहेब, बाहेर जाऊन पूर्ण हसून या. मी आहे इथे." साहेब गेले ते परत आलेच नाहीत. शमीमभाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणाल्या, "अजून दोन-चार जणांना असंच पाठवा, मग दोघं मिळून बसू हसत."

भाभी दुकानातलं कॉम्प्युटरचं सगळं काम करायच्या. अल्बम जुळवणं, रंग नीट करणं, छापायला पाठवणं, सगळं त्यांच्याकडे. मात्र कॅमेऱ्याला त्यांनी हात लावलेला रशीदभाईंना चालत नसे. धूळ पुसायलाही नाही. "माझ्या हाताची सवय आहे त्याला," म्हणायचे, जसं काही ते दुभतं जनावर आहे.

त्यातही त्यांची जुनी झूम लेन्स म्हणजे जीव की प्राण. सत्तरपासून दोनशेपर्यंत जाणारी, सगळी हाताने फिरवायची. एक कडं फिरवलं की लांबचा माणूस जवळ येतो, दुसरं फिरवलं की तो स्पष्ट होतो. कड्यांवरचे आकडे बोटांनी झिजून गेले होते. रशीदभाईंना ते लागतही नव्हते. कडं किती फिरलं हे त्यांच्या बोटांना कळायचं.

एका उन्हाळ्यात रशीदभाईंनी बशीतून चहा पिणं सोडलं. मी ते पाहिलं, पण त्यात काही आहे असं मला वाटलं नाही. मग ते अर्धा कपच चहा घ्यायला लागले. बोलताना उजवा हात पँटच्या खिशात राहायला लागला. उकाड्यात घामाघूम झालेला माणूस हात खिशात घालून उभा, हे जरा विचित्रच. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "हाताला थंडी वाजते."

भाभींनी मला जिन्यात गाठून सांगितलं. "बाई, यांच्या शर्टाची बटणं आता मी लावते. नाशिकच्या डॉक्टरने कंपवात सांगितलाय. गोळ्या चालू आहेत. कुणाला बोलू नका. तुम्हाला सांगितलं हे कळलं तर मला घरात राहू देणार नाहीत." मी नाही बोलले. जव्हार तेवढं मोठं गाव नाही. फोटोवाल्याचा हात हलतो ही बातमी इथे सकाळी निघाली तर दुपारच्या जीपने खोडाळ्याला पोचते.

मग त्यांच्या पुतण्याने नाशिकहून एक वापरलेला, पण नव्या जमान्यातला कॅमेरा आणून दिला. तो आला त्या दिवशी रशीदभाईंनी मला जिन्यावरूनच हाका मारल्या. "बाई, खाली या! चमत्कार बघा!" मी गेले. ते तो कॅमेरा तान्ह्या मुलासारखा धरून बसले होते. म्हणाले, "याच्या पोटात एक चकती तरंगते. मी इकडे हललो की ती त्याच्या उलट हलते. माझी चोरी ती झाकते." 'चोरी' हा शब्द त्यांच्या तोंडून निसटला असावा. त्यांनी लगेच विषय बदलला.

अडचण एकच होती, आणि ती त्यांनीच ओढवून घेतलेली. नवीन लेन्स कॅमेऱ्याशी आपणहून बोलतात, मी आता इतक्या आकड्यावर आहे म्हणून सांगतात. त्यावरून कॅमेरा ठरवतो की हाताला किती सावरायचं. लांबचं जवळ आणलं की हाताचं हलणंही मोठं दिसतं, म्हणून दोनशेला जास्त सावरायचं, सत्तरला कमी. रशीदभाईंची झूम जुन्या जमान्यातली. ती मुकी. तेव्हा तिच्या वतीने माणसाने कॅमेऱ्याला आकडा सांगायचा. कडं फिरवलं की बटण दाबा, आकडा बदला, मग फोटो काढा. पुतण्या म्हणाला, "चाचा, याच्यासोबतची लेन्स घ्या ना, सगळं आपोआप होतं." रशीदभाई म्हणाले, "आपोआप जे होतं ते तुझं. माझं काही नाही."

आणि चुकीचा आकडा दिला तर? हे मीच विचारलं. ते म्हणाले, "कमी सांगितला तर कमी सावरतो, चालून जातं. जास्त सांगितला तर मेलो. सायकल शिकणारा बघितलाय ना? जरा डावीकडे झुकला की हँडल उजवीकडे इतकं ओढतो, की न पडणारा पडतो. हा पण तसाच. नसलेली थरथर सावरायला जातो आणि फोटो स्वतःच हलवतो."

तेव्हापासून ते आकडे मोठ्याने म्हणू लागले. कडं फिरवायचं, "एकशे पस्तीस," बटण, फोटो. पुन्हा कडं, "पंच्याऐंशी." विसरू नये म्हणून. समोरच्या पानवाल्याला काही हे उमगेना. त्याने एकदा हळूच येऊन विचारलं, "भाई, आज ओपनला काय लावलंत?" रशीदभाई मटका खेळतात असा बाजारात काही दिवस समज होता. भाभी हसून लोटपोट झाल्या. त्या काही महिन्यांत त्या घरात हसणं परत आलं होतं. उजवा हात खिशातून बाहेर आला. सुताराघरचा माणूस नवी करवत मिळाल्यासारखा कामाला लागला.

जामसरच्या लग्नात सगळं फिसकटलं. हळदीपासून वरातीपर्यंतचे फोटो, आणि त्यातले बहुतेक हललेले. नवरीला दोन नाकं, सासऱ्याला चार मिशा. रशीदभाईंनी ते कुणाला दाखवले नाहीत. मुलीच्या बापाला 'कार्ड बिघडलं' म्हणून सांगितलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे त्या बापालाच यांची दया आली. 'जाऊ द्या भाई, मोबाईलमध्ये आहेत थोडे,' म्हणाला आणि गेला. मग दुकानाचं शटर खाली आलं ते वर जाईना. रशीदभाई आत बसून राहिले, ना बोलणं ना ओरडणं. मला त्या शांततेची भीती वाटली. सकाळी पायरी न झाडलेली बघून मी शाळेत जायची.

ते कोडं भाभींनी सोडवलं. त्या कॉम्प्युटरवर एकेक फोटो उघडून बघत बसल्या. कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर त्याला सांगितलेला आकडाही लिहून ठेवतो. भाभींच्या लक्षात आलं, की अख्खा मांडव दिसतोय, म्हणजे झूम सत्तरवर, आणि लिहिलेला आकडा मात्र दोनशे. एकूणएक फोटोंवर दोनशे. हळदीला नवरी लांबून येताना रशीदभाईंनी दोनशे लावला आणि पुढे गडबडीत तो तसाच राहिला.

त्यांनी हे सांगितलं मात्र, रशीदभाई उठून उभेच राहिले. "म्हणजे हात नव्हता? आकडा होता?" त्यांनी बाजारातून पेढे आणले. मला देताना डोळ्यांत पाणी. "बाई, आकडा चुकला होता! नुसता आकडा!" एवढ्या आनंदाने चूक कबूल करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

इथे थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण माणसाला एकदा चांगलं कारण सापडलं की तो ते दुसऱ्या चुलीवरही चढवतो. त्यानंतर जो फोटो हलेल त्याला एकच उत्तर. "आकडा चुकला." दाभोशाच्या एका बारशाचे फोटो हलले. आकडा चुकला. दुकानात स्टुलावर बसलेल्या मुलीचा पासपोर्ट फोटो हलला. आकडा चुकला. आमच्या शाळेतल्या मुलांचे फोटो काढायला त्यांना मी नेलं होतं, त्यातही निम्मी मुलं धुक्यात उभी असल्यासारखी आली. "आकडा चुकला, बाई. पुन्हा येतो." म्हणाले आणि हसले, पण माझ्याकडे न बघता.

संध्याकाळी मी भाभींना विचारलं, "आकडा इतका कसा चुकतो हो?"

भाभी तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "नव्हता चुकला. तुमच्या शाळेत जायच्या आधी मीच झूम सत्तरवर आणून कड्याला चिकटपट्टी लावून दिली होती. आकडा पण सत्तरच लावला. फिरतच नव्हतं ते. चुकणार कुठून?"

"मग त्यांना सांगितलंत?"

"काय सांगू? आकडा चुकतोय तोवर जेवतात तरी नीट."

त्या बाईंच्या शहाणपणाचा मला राग आला आणि त्याच वेळी त्यांना मिठी मारावीशी वाटली. आम्ही दोघी ते गुपित घेऊन जिन्यातून वरखाली करत राहिलो, आणि खाली तो माणूस आकडे म्हणत राहिला. पंच्याऐंशी, एकशे पस्तीस, दोनशे. आवाज मात्र दिवसेंदिवस चढत होता.

त्या दिवाळीत आमच्या पाड्यावर वाघबारस होती. वसुबारसेच्या दिवशी तिकडे वाघोबाला पुजतात. पाड्याच्या टोकाला शेंदूर लावलेला दगड आहे, तिथे नारळ फुटतात, गुराख्यांना जेवण असतं, भगत येतो. पाड्यावरच्या लोकांना त्या दिवसाचे चांगले फोटो हवे होते. त्यांनी मला विचारलं, आणि मी रशीदभाईंना. भाभी म्हणाल्या, नका नेऊ, आणि पुन्हा कड्याला चिकटपट्टी लावून ठेवली. रशीदभाई म्हणाले, "चिकटपट्टी काढ. देवापासून लांब उभं राहावं लागतं, झूम लागणार." म्हणजे चिकटपट्टीचं त्यांना ठाऊक होतं. भाभींनी ती मुकाट्याने काढली.

आम्ही सकाळच्या जीपने गेलो. नागलीची काढणी संपत आली होती, उन्हाला धार आली नव्हती. दगडापुढे तांदळाचे पुंजके मांडले होते. भगत म्हणजे सत्तरीचा बारकासा म्हातारा, धोतर आणि वर मुलाचा जुना शर्ट. नारळ फुटले, आणि तो घुमू लागला. तिकडे देव अंगात आला की म्हणतात वारा आला. आधी त्याची बोटं हलली, मग हात, मग सगळं अंग. लोक हात जोडून उभे राहिले.

रशीदभाई थोडे लांब, मोहाच्या झाडाला खांदा टेकवून. कडं फिरवलं. "दोनशे," म्हणाले. कॅमेरा वर घेतला, आणि त्यांचा हात सुरू झाला. इतका मी कधी पाहिला नव्हता. गळ्यातला पट्टा, कॅमेरा, कोपर, सगळं थडथडत होतं. कदाचित सकाळची गोळी राहिली असेल. ते तसेच कॅमेऱ्याला डोळा लावून उभे राहिले. हात खाली घेतला तर तो तसाच हलताना दिसेल म्हणून, असं मला वाटलं.

एका म्हातारीने ते पाहिलं. ती जोरात म्हणाली, "अगं आई! भाईचे हाताला वारा आला!"

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. कुणी हसलं नाही. बाया दोन पावलं मागे सरकल्या आणि त्यांनी पदर सारखे केले. म्हातारी कडेवर नात घेऊन सरळ रशीदभाईंपुढे आली. पोरगी तापाने लाल झालेली, मान टाकलेली. म्हातारीने तिला पुढे केलं. "ठिव बाबा हात हिचे डोयीवर. कवाचा ताप हाय, उतरं ना."

मी रशीदभाईंकडे बघत होते. इतके महिने त्यांनी लपवलेला तो हात, आणि समोर तो आदराने मागणारी माणसं. त्या घडीला ते काहीही करू शकले असते. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून मोकळे झाले असते, सगळ्या पाड्याने पाया पडून त्यांना जेवायला घातलं असतं. किंवा नेहमीसारखं, आकडा चुकला. त्यांचे ओठ तेच म्हणायला हललेसुद्धा. मला ते दिसलं.

मग त्यांनी कॅमेरा खाली घेतला. हात हलत होता, तो त्यांनी खिशात घातला नाही. "नाही ग माय," ते म्हणाले. "देव नाही हा. रोग आहे. कंपवात म्हणतात. डॉक्टरने सांगितलंय, बरा होत नाही. माझा हात हलतो, ग. बाकी काही नाही." आणि मग एकदम त्यांच्या नेहमीच्या आवाजात ओरडले, "पोरगी तापलीय आणि तू फोटोवाल्याकडे काय आणतेस? दवाखान्यात ने! जीप उभी आहे, चल!"

म्हातारीचा चेहरा पडला. तिला देव हवा होता आणि हा रोग निघाला. भगत तोवर शांत झाला होता. तो धाप टाकत रशीदभाईंकडे बघत होता. थरथर म्हणजे काय हे त्याच्याइतकं तिथे कुणाला कळणार? तो म्हणाला, "रोग हाय त हुभा कशाला ऱ्हातोस, भाई? बस. इथं बस माझे बाजूला."

रशीदभाई जमिनीवर बसले. इतके दिवस त्यांना कुणीच बस म्हणालं नव्हतं. आम्ही दोघींनीही नाही. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि उजवा हात उघड्यावर हलू दिला.

पोरीला आम्ही त्याच जीपने खोडाळ्याच्या दवाखान्यात नेलं. रशीदभाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. कॅमेरा मांडीवर, बंद. परतीच्या वाटेवर ते एवढंच बोलले, "बाई, शमीमला मी सांगतो. तुम्ही आधी जाऊन सांगू नका."

खरं बोललं की मोकळं वाटतं असं म्हणतात. वाटत असेल, पण दुकान चालत नाही. दिवाळी संपेपर्यंत बाजारात सगळ्यांना कळलं. ठरलेली लग्नं एकेक करून गेली. लोक सरळ नाही म्हणायचे नाहीत, 'यंदा साधंच करतोय' म्हणायचे, आणि मग त्याच लग्नात दुसरा फोटोवाला दिसायचा. पानवाला दुकानापुढून जाताना विनाकारण मोठ्याने हसून बोलू लागला, जसं आजारी माणसाशी बोलतात. रशीदभाईंना त्याचा सगळ्यात जास्त राग यायचा. ते आता कुणावरही ओरडत नसत. कुणी आलं तर खुर्ची पुढे करायचे आणि 'बसा' म्हणायचे. मला ते ऐकवत नसे. आकडे म्हणणंही बंद झालं होतं.

उन्हाळ्यात माझी बदली झाली, पार समुद्राकडच्या एका शाळेत. त्यानंतर रशीदभाईंची माझी भेट नाही. दोन वर्षांनी भाभींचा फोन आला तेव्हा ते गेले होते. म्हणून हे शेवटचं दिसणं लिहून ठेवते.

सामान टेम्पोत चढवलं होतं. निरोप घ्यायला मी खाली आले तर दुकानात कोणी नव्हतं. मागच्या अंगणातून बोलण्याचा आवाज आला म्हणून दारापर्यंत गेले. अंगणात वाळत घातलेल्या चादरीपुढे दाभोशाकडचं एक नवं जोडपं उभं होतं, अवघडलेलं, एकमेकांपासून हातभर लांब. कॅमेरा शमीमभाभींच्या डोळ्याला होता. त्यांनी कोपरं पोटाशी घेतली होती. रशीदभाई त्यांच्या मागे अगदी जवळ उभे, उजवा हात पुढे घालून लेन्सला खालून आधार देत होते. "कडं हळू फिरव," ते पुटपुटत होते. "अजून थोडं. दाबू नको. आता बघ, आता."

भाभींनी दाबलं नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग डोळा न काढता, अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या,

"हात काढा ना. तुमच्यामुळे हलतंय."

रशीदभाईंनी हात काढला.